रिकाम्या शेडमध्ये बोल्डरिंगची भिंत की अंगणात दोराचा टॉवर?

अक्कलकोट_रोड

मंडळी, सल्ला हवाय. सोलापूरच्या एमआयडीसीत यंत्रमागाचा एक शेड रिकामा पडलाय आणि मालक तो भाड्याने द्यायला तयार आहेत. त्यात क्लाइंबिंगची भिंत उभारायचा आमचा विचार आहे. मधोमध आतली उंची साडेपाच मीटर, कडेला चारच्या आत. वर जुने सिमेंटचे पत्रे, लोखंडी कैच्या, खाली कोबा. मागे अंगण आहे, तिथे १२ मीटरचा टॉवर उभा राहू शकतो.

आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, शेडमध्येच बोल्डरिंग करू, म्हणजे कमी उंचीच्या भिंतीवर बिनदोराचं चढणं. दोर नको, हार्नेस नको, बिले (खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) शिकवत बसायला नको, आणि चार मीटरवरून पडून असं काय होणार आहे? दुसरा म्हणतो, दोर असला की माणूस जमिनीवर आदळतच नाही, म्हणजे दोरच सुरक्षित. खर्च वाढला तरी टॉवरच करू.

येणाऱ्यांत निम्मी १२ ते १६ वयाची मुलं-मुली, बाकी जिमला जाणारी पंचविशी-तिशीची मंडळी. कशात काय मोडतं, का मोडतं आणि ते टाळायला नेमकं काय करावं लागतं? 'काळजी घ्या' सोडून काहीही सांगा. गाद्यांचंही सांगा, इथे कापसाच्या गाद्या स्वस्तात भरून मिळतात.

टी_नट

कापसाची गादी पहिल्यांदा रद्द करा. उरलेलं नंतर.

बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं जमिनीवरच संपतं. दोरावर बहुतेक पडणी हवेतच संपतात. पण जे एखादं खालपर्यंत जातं ते आठ-दहा मीटरवरून जातं. त्यामुळे बोल्डरिंगच्या दुखापती जास्त वेळा होतात आणि बहुधा घोटा, गुडघा, मनगट, कोपर यांच्या असतात. दोरावर त्या क्वचित होतात, पण झाल्या की मणका, ओटीपोटाची हाडं, डोकं. तुमचे दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत आणि अर्ध्या माहितीवर भांडतायत.

'चार मीटरला काय होतंय' याचं गणित बघा. पाय गादीपासून ३ मीटरवर असताना हात सुटला तर टेकताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. तो किती अंतरात शून्यावर येतो यावर घोट्याचं भवितव्य ठरतं. ३० सेंटीमीटर फोम पूर्ण दबला तर शरीरावर सरासरी वजनाच्या १० पट जोर येतो, १० सेंटीमीटर फोमवर ३० पट. गुडघे वाकवून मागे लोळण घेतली की थांबायचं अंतर आणखी वाढतं. कापूस तर दबूनच बसलेला असतो, वर त्याच्या गाठी होतात आणि पाय नेमका दोन गाठींच्या मधे जातो.

गादीची रचना अशी ठेवा: खाली २५ सेंटीमीटर मऊ, उघड्या पेशींचा पीयू फोम, वर ५ सेंटीमीटर कडक, बंद पेशींचा फोम. वरचा कडक थर आलेला जोर पसरवतो. तो नसेल तर टाच फोममध्ये रुतते, शरीर पुढे जातं आणि पाऊल तिथेच राहतं. घोटा मुरगळतो तो असा. मऊ गादी म्हणजे सुरक्षित गादी, हा समज इथेच मोडतो. भिंतीचा जो भाग सर्वांत पुढे झुकलाय त्याच्या टोकापासून गादी पुढे किमान अडीच मीटर आणि बाजूंना दीड मीटर हवी. दोन गाद्यांमधली फट हा सगळ्यांत वाईट शत्रू. तुकडे एकमेकांना बांधा आणि वरून एकच अखंड रेक्झिनचं कव्हर ताणून बसवा. दर महिन्याला, जिथे लोक जास्त पडतात तिथे एका गुडघ्यावर पूर्ण वजन टाकून बघा. कोबा जाणवला की तो फोम संपला. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात फोम लवकर म्हातारा होतो हे गृहीत धरा.

आता भिंत. साडेपाच मीटर उंची दिसली म्हणून साडेपाच मीटरची भिंत करू नका. गादीच्या वरून मोजून ४ मीटर पुरे, मुलांच्या बाजूला ३. प्लाय १८ मिलिमीटरचा, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) दर्जाचा. टी-नट, म्हणजे होल्ड (हातापायांनी धरायचे तुकडे) ज्यांत बोल्टने आवळतात ते प्लायमधले नट, १० मिलिमीटर बोल्टचे, २० सेंटीमीटरच्या जाळीत. आठ बाय चारच्या एका शीटला सत्तरच्या आसपास बसतात. ठोकून बसवायच्या टी-नटपेक्षा मागून स्क्रूने पक्के होणारे घ्या. ठोकलेला टी-नट पुढे फिरायला लागला की होल्ड निघतही नाही आणि आवळतही नाही. मोठ्या होल्डला मधल्या बोल्टबरोबर लाकडात जाणारा आणखी एक स्क्रू मारा, नाहीतर ऐन वजन पडताना तो गर्रकन फिरतो आणि माणूस पाठीवर पडतो.

सांगाडा लोखंडी चौकोनी (एमएस बॉक्स) पाइपचा, जमिनीवर स्वतंत्र उभा. छताच्या कैच्यांना एक किलोसुद्धा टांगू नका. त्या पत्रा आणि वारा यांच्या हिशेबाने केलेल्या असतात, भिंतीला लोंबकळून आडवं ओढणाऱ्या माणसांच्या नाही. आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय वेल्डरकडे जाऊ नये. आणि जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. वायरिंगसाठी त्यांना भोकं पाडू नका, घासू नका.

शेडची उंची बघता माझं मत बोल्डरिंग. साडेपाच मीटरला दोर लावण्यात अर्थ नाही. तो ताणला जाईपर्यंत माणूस बऱ्याचदा खाली पोचलेला असतो.

जुना_दोर

टी_नट यांचं शेवटचं वाक्य १२ मीटरच्या टॉवरलाही थोडं लागू आहे, आणि दोरवाल्या तटाला नेमकं तेच माहीत नसतं.

टॉप रोप घ्या. दोर वर अँकरमधून जाऊन खाली बिलेअरकडे येतो. चढणारा दोन मीटरवर असताना वापरातला दोर वीसेक मीटर असतो. डायनॅमिक (झटका शोषायला ताणला जाणारा) दोर नुसत्या अंगाच्या वजनानेच सात-आठ टक्के ताणला जातो, म्हणजे दीड मीटरपर्यंत. बिलेअरने थोडी ढील ठेवली असेल तर पाय सरळ जमिनीला. म्हणून पहिले तीन मीटर दोर ताठ ठेवायचा आणि खाली गादी हवीच.

लीडमध्ये, म्हणजे दोर वर आधी न लावता चढणारा तो सोबत नेत वाटेतल्या बोल्टांना क्लिप करत जातो तेव्हा, हे आणखी तिखट होतं. समजा शेवटचा क्लिप केलेला बोल्ट ४ मीटरवर, कंबर ५ मीटरवर, आणि पुढच्या बोल्टसाठी दीड मीटर दोर हातात ओढून घेतलाय. त्या क्षणी हात सुटला तर दोनदा एक मीटर अधिक दीड, म्हणजे साडेतीन मीटर पडणं. वर दोराचा ताण आणि बिलेअरचं उचललं जाणं. कंबर पाऊण मीटरवर येते, म्हणजे पाय आदळलेच. म्हणून पहिला बोल्ट ३ मीटरच्या आसपास, पुढचे सुरुवातीला मीटर-सव्वा मीटरवर, आणि क्लिप डोक्यावर न करता कंबर-छातीच्या उंचीला आल्यावर करायची सवय. वर गेल्यावर हेच पडणं सौम्य होतं. फॉल फॅक्टर म्हणजे पडलेलं अंतर भागिले वापरातला दोर. सहा-सात मीटर दोरावर ४ मीटर पडलात तर ०.६ च्या घरात, २२ मीटर दोरावर तेवढंच पडलात तर ०.१८. उंच गेलं की भीती वाढते, धक्का कमी होतो.

दोर तुटून होणारे अपघात अगदी क्वचित. माणूस चुकून होणारे नेहमीचे: फिगर ऑफ एटची गाठ अर्धी मारून गप्पांत गुंतणं, बिले डिव्हाइसमध्ये दोर उलटा घालणं, दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ नसल्याने उतरवताना टोक डिव्हाइसमधून निसटणं, दोर पायामागे ठेवून चढणं आणि पडताना उलटं होऊन डोकं भिंतीवर आपटणं. ऑटो-बिले (बिलेअरऐवजी आपोआप दोर धरणारं यंत्र) बसवलात तर एकच धोका मोठा, तो अडकवायलाच विसरणं. त्यासाठी पायथ्याशी वाट अडवणारं कापडी फाटक लावतात, त्याला अडकवलेली क्लिप काढल्याशिवाय चढायची जागाच मोकळी होत नाही.

यावर उपाय एकच, प्रत्येक चढाईआधी दोघांनी एकमेकांचं हाताने तपासणं: बकल, गाठ, डिव्हाइस, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक. डोळ्यांनी नाही, हाताने. ग्रिग्री (झटका बसला की दोर आवळून धरणारं बिले डिव्हाइस) असली तरी ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये. ती हाताला मदत करते, हाताची सुट्टी करत नाही. बिलेअर खूपच हलका असेल तर पडणाऱ्याचा झटका त्याला खेचून पहिल्या बोल्टवर आदळवतो, तेव्हा जोड्या वजन बघून लावा. १२ वर्षांच्या मुलाकडे ८० किलोच्या बाबांचा बिले देऊ नका, हौस असली तरी. अगदी लहान मुलांना कमरेचा हार्नेस उलटं झाल्यावर निसटू शकतो, त्यांना पूर्ण अंगाचा द्या.

आणि दोर हा दोरच असला पाहिजे. टेम्पोवर माल बांधायचा नायलॉन, किंवा रॅपलिंगचा स्टॅटिक दोर लीडसाठी चालत नाही. स्टॅटिक ताणला जात नाही, सगळा धक्का मणका आणि अँकर घेतात. साधारण ९.८ ते १०.२ मिलिमीटरचा, सिंगल रोपची खूण असलेला डायनॅमिक घ्या. तुमच्या आजूबाजूला डाइंगवाले असतील, तर दोर त्यांच्या बाजूला साठवू नका. ॲसिडची वाफ किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचा एक थेंब नायलॉनला आतून खातो आणि वरून काही दिसत नाही. न वापरलेला दोरही उत्पादनापासून दहा वर्षांनी बाद.

माझं मत मात्र टॉवरकडे झुकतं. सह्याद्रीत जायचं असेल तर दोराची शिस्त लागते, ती बोल्डरिंगने येत नाही. स्पर्धेचं म्हणाल तर पॅरिस २०२४ च्या ऑलिंपिकला बोल्डर आणि लीड मिळून एक पदक होतं, लॉस एंजेलिस २०२८ ला ती वेगळी होतायत. मुलांना पुढे लीड करायचं असेल तर १५ मीटरच्या भिंतीवर कुठेतरी जावंच लागेल, पण सुरुवात १२ वर होते.

फिजिओ_सात_रस्ता

तुम्ही सगळे पडण्याबद्दल बोलताय. बोटांबद्दल कुणीच बोललं नाही. न पडता होणाऱ्या दुखापतींत बोटं सगळ्यांत पुढे, आणि बोल्डरिंगमध्ये ती जास्त, कारण कमी हालचालींत पूर्ण ताकद लावावी लागते.

बोटाचा कंडरा हाडाला धरून ठेवणारी पट्टी असते, तिला पुली म्हणतात. बारीक होल्डवर बोटं पूर्ण दुमडून अंगठा वर दाबला, म्हणजे फुल क्रिम्प केलं, की बोटाच्या मुळाजवळच्या ए-२ पुलीवर प्रचंड ताण येतो. पाय घसरून वजन अचानक हातांवर आलं की ती फाटते, बहुधा अनामिकेची किंवा मधल्या बोटाची. 'टप' असा आवाज, मुळाशी दुखणं, सूज. सोनोग्राफीत कळतं. किरकोळ ताण काही आठवड्यांत बसतो, पूर्ण फाटली तर तीन महिने किंवा जास्त. चिकटपट्टी गुंडाळून त्याच दिवशी परत चढणं म्हणजे किरकोळचं मोठं करणं. तुमच्या जिमवाल्यांना हा धोका जास्त. त्यांची पाठ-दंड तयार असतात, पुल्या नाहीत. स्नायू काही आठवड्यांत वाढतात, कंडरे आणि पुल्यांना महिने लागतात. पहिले सहा महिने मोठे होल्ड, उघड्या बोटांची पकड, आठवड्यात दोन-तीन दिवस, मधे एक दिवस पूर्ण विश्रांती. दोन जोरदार प्रयत्नांमधे तीन ते पाच मिनिटं.

१२ ते १६ वयाचं वेगळं आहे आणि माझ्या मते या धाग्यात ते सगळ्यांत महत्त्वाचं. त्यांची पुली क्वचितच फाटते, बहुधा हाडाच्या वाढीची पट्टी तडकते. बोटाच्या मधल्या सांध्याच्या मागच्या बाजूला, आवाज न होता, हळूहळू वाढत जाणारं दुखणं. 'जास्त झालं असेल' म्हणून सोडून दिलं तर बोट कायमचं वाकडं वाढू शकतं. असं दुखणं आलं की चढणं बंद आणि बोटाचा एक्स-रे. या वयात कॅम्पस बोर्ड (पाय न लावता नुसत्या हातांनी चढायची फळी) नाही, कमरेला वजन बांधून लटकणं नाही, फुल क्रिम्पचे रूट (चढायच्या वाटा) रोज नाहीत. 'मुलं हलकी असतात, त्यांना काही होत नाही' म्हणणारा कोच ठेवू नका.

पडण्याचं तंत्र पहिल्याच तासाला, अर्धा मीटरवरून सुरू करून शिकवा. दोन्ही पाय खांद्याइतके लांब, गुडघे सैल, टेकताच बसकण आणि पाठीवर लोळण, हनुवटी छातीला, हात छातीवर दुमडलेले. मागे हात टेकायची प्रतिक्षिप्त क्रिया मोडणं हेच मुख्य काम. मनगट मोडतं आणि कोपर निखळतं ते त्या हातामुळे. वर पोचल्यावर उडी मारू द्यायची नाही, निम्म्यापर्यंत उतरूनच सोडायचं.

घोटा मुरगळला तर ठरवायचा सोपा नियम: घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाची मागची कड दाबून दुखत असेल, किंवा आधाराशिवाय चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. उंचावरून सरळ टाचांवर पडलेल्याची कंबरही विचारा, टाच आणि कमरेचा मणका एकत्र मोडू शकतात. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांत मुंग्या असतील तर हलवू नका, १०८ ला फोन. दोरावर कुणी बेशुद्ध लोंबकळत असेल तर उलट, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर खाली घ्या आणि आडवं झोपवा.

बिलेअरच्या मानेचं दुखणं किरकोळ वाटतं, पण तासन्‌तास वर बघणाऱ्यांना हमखास होतं. मान न वाकवता वरचं दिसेल असे प्रिझमचे चष्मे मिळतात, दोन घेऊन ठेवा.

काळा_फत्तर

येवढं सगळं करलालाव तर पावडरचंही ऐका. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेट लागतं. कॅरमची बोरिक पावडर लावणारे बघितलेत लोकांनी, तिने पकड सुटते. बंद शेडमध्ये पांढरी धूळ फुफ्फुसात जाते, तेव्हा सुटी पावडर न देता चेंडूत भरलेली द्या नाहीतर पातळ, अल्कोहोलवाली. एक्झॉस्ट पंखे लावा. आणि मार्च ते मे दुपारी पत्र्याखाली चढणं विसरा, घामाने होल्ड साबण होतात. पहाटे सहा ते नऊ ठेवा. बुटांचे तळवे पुसायला टॉवेल लागतात, त्याला सोलापुरात तोटा नाही.

बाहेरच्या खडकाचं दोन ओळींत. सोलापूर जिल्हा सगळा बेसॉल्टच्या पठारावर, उघडे कडे जवळपास नाहीत. शेताच्या बांधांवर गोल काळे धोंडे दिसतात, पण ते कांद्याच्या पापुद्र्यांसारखे झिजलेले असतात. हाताने ठोकून पोकळ आवाज आला तर पापुद्रा निघणार म्हणून समजा. खडीच्या जुन्या खाणीत चढू नका. सुरुंगाने खडक आतून तडकलेला असतो आणि खाली पाणी. भुईकोट किल्ला किंवा नळदुर्गाच्या तटाचा विचार मनातही आणू नका, संरक्षित स्मारकं आहेत.

खऱ्या खडकाला सोलापूर-गदग रेल्वे मार्गावर बदामी आहे. वालुकाश्म, बोल्ट मारलेले रूट, म्हणजे दोराचं काम. पाऊस पडून गेल्यावर तो खडक सुकेपर्यंत हात लावायचा नाही. ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि होल्ड हातात येतात. गदगहून पुढे होसपेट, म्हणजे हंपी. तिथे ग्रॅनाइटचे धोंडे, बोल्डरिंगसाठी एक नंबर, पण खरखरीत स्फटिक बोटांची कातडी तासाभरात सोलून काढतात. बाहेर १० सेंटीमीटरचा क्रॅशपॅड (सोबत न्यायची गादी) असतो, ३० ची गादी नाही. खालचा दगड आधी पॅडने झाका, दोन पॅडमधली फट बंद करा. मागे उभा राहणाऱ्याने झेलायचं नसतं, अंगठे आत घेऊन कमरेला हात देत पॅडवर वळवायचं.

सह्याद्रीत हेल्मेट दोघांनाही, चढणाऱ्यालाही आणि बिलेअरलाही. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर तो रूट सोडा. धोंड्यावरून पळता येतं, दोरावर लटकून नाही.

अक्कलकोट_रोड

सगळ्यांचे आभार. वाचून असं वाटतंय की आधी शेडमध्ये ४ मीटरची बोल्डरिंग भिंत, मुलांसाठी ३ ची, आणि टॉवर नंतर. दोन शंका. गादीचं क्षेत्र मोजलं तर भिंतीच्या दुप्पट होतंय, तेवढा खर्च टाळता येईल का? आणि एका वेळी किती जणांना चढू द्यायचं?

टी_नट

गादीचा खर्च टाळायचा असेल तर भिंत लहान करा, गादी नाही. ८ मीटर रुंद भिंतीऐवजी ५ मीटर करा आणि उरलेल्या जागेत बसायला बाक ठेवा, कारण गादीवर बसणं बंदच करायचंय. गादीवर बसलेल्या माणसावर वरचा पडतो तेव्हा दोघंही जातात. पाण्याच्या बाटल्या, ब्रश, मोबाइल, काहीही गादीवर नको. पाच मीटर रुंदीत एका वेळी दोघं. पडण्याच्या वाटा एकमेकांवर येत असतील तर एकच. होल्ड लावतानाच रूट एकमेकांना छेदणार नाहीत असे आखा आणि शेवटचा होल्ड गादीच्या मध्यावर येईल असा ठेवा, काठावर नको.

जुना_दोर

टॉवरचा पाया मात्र आत्ताच इंजिनिअरकडून आखून घ्या. काळ्या मातीचा थर किती खोल आहे ते खड्डा मारून बघायला सांगा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि १२ मीटरचा टॉवर तिच्यावर सरळ राहत नाही. पाया मुरुमापर्यंत उतरवावा लागेल.